महाड १७

महाड,
पितृपक्षातला मंगळवार

तीर्थरूप चारुशीलाताईस महाडहून अवधूतचा साष्टांग नमस्कार. तुझ्या दोन्ही गुडघ्यांनाही वेगळा नमस्कार (हल्ली तुझ्या घरातले सगळे निर्णय तेच घेतात, असं निषाद परवा फोनवर म्हणाला. आपल्या आईबद्दल मुलानं असं बोलू नये, पण माहिती उपयोगी होती). रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस ना? डोंबिवलीत पाणी नीट येतं ना? सूनबाई चैत्राली अजून तुला मीठ कमी घालते की आता तिनं नाद सोडला? माझी तब्येत उत्तम आहे. भूगोलाच्या शिक्षकाला निवृत्तीनंतर जे होतं तेवढंच मला झालंय: कंबर धरते, आणि लोक रस्ता विचारायला येत नाहीत, कारण सगळ्यांच्या खिशात नकाशा असतो. पत्र बघून दचकू नकोस. कोणालाही काही झालेलं नाही. फोनवर तू मला तीन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस, आणि मला सांगायचंय ते तीन वाक्यांत मावत नाही, म्हणून हे टपाल.

तुला आठवत असेल, गौरीच्या दिवशी मी तुला म्हटलं होतं की सात वर्षं झाली, आता एकदा महाडला ये. त्यावर तू म्हणालीस, कशाला येऊ? मागच्या वेळी आले तेव्हा रस्ता खणलेला, वड पाडलेले, आपली चौकी जमीनदोस्त. पोलादपूर ते कशेडी रडत गेले, एवढंच हाती लागलं. तिथं आपलं काही उरलेलं नाही. मग म्हणालीस, माझा दगड असेल तर सांग, मग येते. आणि फोन ठेवलास. तू ते रागानं म्हणालीस की गमतीनं, हे मला साठ वर्षांत कधी कळलेलं नाही, म्हणून मी ते अटीसारखं धरलं. दगड सापडला तर ताई येणार, नाही सापडला तर आपण दोघं यापुढे फोनवरच म्हातारे होणार. गेला पंधरवडा मी या एकाच कामावर होतो.

दगडाची हकीकत तुला माहीत आहे, पण तरीही लिहितो, कारण तुझी आठवण आणि माझी आठवण जुळत नाही आणि तुझीच खरी ठरते. मैल जाऊन किलोमीटर आले ते वर्ष. भाऊ तेव्हा बांधकाम खात्यात रस्त्याचे मिस्त्री, आणि लोहारे सोडून पोलादपूर यायच्या आधी डाव्या हाताला आपली चौकी: दोन खोल्या, पत्रे, आणि अंगणात तुळशीऐवजी डांबराची पिंपं. वरून हुकूम आला की सगळे मैलाचे दगड बदलायचे, नवे आकडे दसऱ्याच्या आत. आणि आकडे काढणारा पेंटर नेमका हिवतापानं आडवा. भाऊंचं स्वतःचं अक्षर म्हणजे खडी सांडल्यासारखं. तेव्हा तेरा वर्षांच्या लेकीला, तुला, त्यांनी हाताला धरून चौकीसमोरच्या दगडाशी बसवलं, नि तू काळ्या रंगात लिहिलंस: महाड १७. तुझ्या ‘७’ची शेपटी खाली गेल्यावर जरा आत वळायची. भाऊ पाच पावलं मागं गेले, दहा पावलं मागं गेले, रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं आणि म्हणाले, एस्टीतून वाचता येईल. आयुष्यात त्यांनी कुणाची केलेली ही सगळ्यात मोठी स्तुती. खंडेनवमीला रोलरला झेंडूची माळ घातली तेव्हा एक माळ त्या दगडालाही घातली, आणि मी रुसलो, कारण मी काहीच लिहिलं नव्हतं. मी आठ वर्षांचा होतो.

तर शोधाची सुरुवात मी वीर स्टेशनापासून केली. तू म्हणशील, दगड रस्त्यावरचा, स्टेशनात काय करत होतास? पण मी पद्धतशीर माणूस आहे. दगड सापडला आणि तू पॅसेंजरनं यायला निघालीस (गाडीनं येणार नाहीस हे मला माहीत आहे, निषाद गाडी चालवताना तू शेजारी बसून ब्रेक दाबतेस), तर तुला फलाटावरून रिक्षापर्यंत नेता येईल का, हे आधी बघायला नको? म्हणून शिवणकामाची टेप घेऊन गेलो. डब्याची पायरी आणि फलाट यांच्यातलं अंतर मोजायला वाकलो, तर एका गृहस्थानं मला हाताला धरून मागं ओढलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाला की आजोबा, घरी कोणी असेल ना, त्यांचा विचार करा. मी त्याला बहिणीचे गुडघे समजावून सांगेपर्यंत गाडी सुटली. पायरी मोजायची राहिलीच, पण पावलं मोजली: फलाटावरून रिक्षापर्यंत तुझी एकशे चाळीस पावलं होतील, मध्ये एक बाक आहे, आणि बाकावर सावली आहे.

त्या बाकावर मी बराच वेळ बसून राहिलो. त्र्याण्णव साली पहिल्यांदा रेल्वे वीरपर्यंत आली तेव्हा भाऊंना घेऊन आपण इथंच आलो होतो, आठवतंय? निम्मं महाड लोटलं होतं. बायका इंजिनाला कुंकू लावत होत्या. पुढचे बोगदे व्हायचे होते, म्हणून कोकण रेल्वे त्या वेळी वीरला येऊन संपायची, आणि मला वर्गात सांगायला फार अभिमान वाटायचा की मुलांनो, लोहमार्गाचं टोक आपल्या तालुक्यात आहे. भाऊ मात्र मनगटावर छत्री अडकवून रुळांकडे संशयानं बघत होते. रेल्वेवाले अंतर कुठून मोजतात ते त्यांनी तीन माणसांना विचारलं, तिघांनी तीन उत्तरं दिली, तेव्हा त्यांचं समाधान झालं. परतताना म्हणाले, रेल्वे वीरपर्यंत येते, रस्ता दारापर्यंत येतो. तू तेव्हा हसलीस आणि त्यांच्या छत्रीची मूठ धरून चालायला लागलीस. ताई, मला त्या बाकावर बसल्या बसल्या तुझी फार आठवण आली. गाडी गेल्यावर फलाट रिकामा झाला तेव्हा जास्तच.

बाहेर रिक्षांची रांग होती आणि पहिल्या रिक्षात किशोर. हा किशोर माझा विद्यार्थी. नववीत भूगोलात त्याला चाळीसपैकी अकरा मार्क होते, आणि नद्यांच्या प्रश्नात त्यानं सावित्री नदी उलटी, म्हणजे बाणकोटच्या खाडीतून महाबळेश्वराकडे चढवली होती (हे मी त्या वेळी वर्गात वाचून दाखवलं, आणि आज मला त्याची लाज वाटते). त्यानं मला वाकून नमस्कार केला, कुठं जायचं विचारलं. मी म्हटलं, पोलादपूर, आणि रस्ता मी सांगतो. तो म्हणाला, सांगा सर. बिचाऱ्यानं नंतर तासभर दुसरं काही म्हटलं नाही.

महामार्गाला लागल्यावर मी त्याला भूगोल शिकवायला घेतला. इथं चिंच होती, तिच्याखाली टांगेवाले थांबायचे. इथं मोरी होती, तिच्यात ताईची चप्पल गेली. इथं आंब्यांची दुतर्फा रांग, एस्टीच्या टपावर कैऱ्या पडायच्या. किशोर प्रत्येक वेळी त्या दिशेला बघून मान हलवत होता, आणि तिथं प्रत्येक वेळी सिमेंटचा कठडा होता. ताई, मी चौतीस वर्षं मुलांना हा तालुका शिकवला: वर घाट, खाली खाडी, मध्ये आपण भिजलेले. घाट तिथंच आहे, खाडी तिथंच आहे, आपणही भिजतोच. पण मधला रस्ता इतका रुंद आणि सरळ झालाय, की त्यावरून जाताना मला आपण कुठं आहोत ते कळेना. हे मी किशोरला कळू दिलं नाही. लोहारे आलं असं मी दोनदा जाहीर केलं, आणि दोन्ही वेळा ते आलेलं नव्हतं.

खरी फजिती पुढं झाली. पोलादपूरला आता हायवे गावात शिरत नाही, गावाच्या खालून खोलातून जातो, आणि गावात जायचं तर बाजूचा रस्ता आधीच धरावा लागतो. किशोरनं इंडिकेटर दिला. मी म्हटलं, सरळ घे, पोलादपूर सरळ आहे, मी इथं वाढलोय. त्यानं सरळ घेतली. पोलादपूर माझ्या डोक्यावरून गेलं. दोन्ही बाजूंना भिंती, वर घरांची छपरं नि वाळत घातलेल्या चादरी, आणि मी खालून तोंड वर करून माझं बालपण जाताना बघतोय. वळायला जागा कुठंच दिसेना. मी म्हणत राहिलो, पुढं वळण असेल, आणि पुढं बोगदा आला. ताई, तुला कशेडीचा जुना घाट आठवतो ना? पहिल्या वळणाला तू लिंबू चोखायला घ्यायचीस, तिसऱ्याला भाऊ ड्रायव्हरला थांबवायला सांगायचे, आणि उरलेल्या वळणांना आई तुझी पाठ चोळायची. त्या घाटाच्या पोटातून आम्ही चार मिनिटांत आरपार गेलो. मळमळ नाही, लिंबू नाही. बाहेर आलो तर हवा तीच, डोंगर तेच, पण जिल्हा रत्नागिरी. चौतीस वर्षं जिल्ह्याचा भूगोल शिकवलेला माणूस भर दुपारी, संपूर्ण शुद्धीत, जिल्ह्याच्या बाहेर जाऊन पडला.

किशोरनं रिक्षा बाजूला घेतली, पाण्याची बाटली मला दिली आणि फार अदबीनं विचारलं, की सर, पोलादपुरात नक्की कुठं जायचं व्हतं? तेव्हा मी त्याला पहिल्यांदा दगडाचं सांगितलं. भाऊ, चौकी, तू, महाड १७, सगळं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “मिस्त्रींचा दगड ना सर? तो गोमाजीच्या अंगणात हाय. वरंधच्या वर, चिंचकोंडात.”

मी विचारलं, मग वीरपासून गप्प का बसलास? तो म्हणाला, “तुमी मला रस्ता इचारलाच नाय सर. तुमी सांगत व्हता.”

परत बोगद्यातून आलो, परत पोलादपूर डोक्यावरून गेलं, राजेवाडीला वळून बिरवाडीवरून वरंधच्या रस्त्याला लागलो. या वेळी मी मागच्या सीटवर हाताची घडी घालून बसलो होतो. किशोर खड्डे नावानिशी ओळखत होता. कुठल्या वळणाला समोरून दुधाची गाडी येते, कुठल्या मोरीवर पावसात पाणी चढतं, कुठल्या वाडीत आजारी माणूस आहे म्हणून हॉर्न वाजवायचा नाही. त्याला चाळीसपैकी अकरा देणारा माणूस कोण होता, असा विचार माझ्या मनात आला आणि वरंध येईपर्यंत गेला नाही. उतरल्यावर मी त्याला तसं म्हटलंही. तो हसला आणि म्हणाला की नद्यांचं मात्र तुमचं बरोबर होतं.

गोमाजी तुला आठवतो का? भाऊंच्या हाताखाली खड्डे बुजवणारा मैलकुली होता, तू दगड रंगवत होतीस तेव्हा रंगाचा डबा धरून बसलेला काळासावळा, दात पुढे असलेला. आता ऐंशीच्या पुढं गेलाय, दात नाहीत, त्यामुळं चेहरा सुधारलाय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी अंगणात शिरलो तर मला आवाजावरून ओळखलं आणि म्हणाला की मिस्त्रींसारखाच खाकरतोस. आणि ताई, अंगणाच्या मधोमध, जिथं दुसऱ्यांच्या घरी तुळस असते तिथं, तुझा दगड. पिवळा माथा, पांढरं अंग, काळी अक्षरं. महाड १७. ‘७’ची शेपटी आत वळलेली. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खाली बसलो.

त्यानं सांगितलेली हकीकत अशी. चौपदरीकरणाचं मशीन आलं तेव्हा सगळे दगड उपटून कडेला टाकलेले. गोमाजीला निवृत्त होऊन वीस-बावीस वर्षं झालेली, पण त्याला हे कळलं तसा तो एस्टीनं पोलादपूरला गेला, ढिगाऱ्यातून हा एक निवडला, आणि आणायचा कसा म्हणून तीन दिवस तिथंच नात्यातल्या माणसाकडे राहिला. चौथ्या दिवशी वरंधकडे येणारं लग्नाचं वऱ्हाड भेटलं. त्यांच्या टेम्पोत वरमाईच्या आणि करवल्यांच्या मध्ये दगड घातला, आणि करवल्यांनी वाटभर त्यावर पाय ठेवले, याचा त्याला अजून राग आहे. मी विचारलं, हाच का निवडलास? तर म्हणाला, “तायनं त्या दिशी मला हे दोन आकडे शिकवलं. एक आणि सात. मला लिवता येतं ते येवढंच.” खात्यात होता तोवर दरवर्षी हा एक दगड तो स्वतः रंगवायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही, निवृत्त झाल्यावर एस्टीनं जाऊन रंगवायचा, आणि घरी आणल्यावरही दर दसऱ्याच्या आधी रंगवतो. तुझ्याच रेघांवरून. ताई, तू साठ वर्षांपूर्वी एका दुपारी काढलेला आकडा एक माणूस दरवर्षी गिरवत बसलाय, आणि तू मला विचारतेस तिथं आपलं काय उरलंय.

आता या दगडानं चिंचकोंडात काय केलंय ते ऐक. चिंचकोंड महाडपासून माझ्या हिशेबानं सव्वीस किलोमीटर. पण दगड सतरा म्हणतो, आणि दगड सरकारी आहे. त्यामुळं वाडीतली झाडून सगळी माणसं महाड सतरा किलोमीटर असं धरून चालतात. सोयरिकीला आलेल्यांना सतरा सांगतात, ग्रामपंचायतीच्या अर्जात सतरा लिहितात. गोमाजीची सून शकू मला म्हणाली की दगड आल्यापासून महाड जवळ आलं, आधी फार लांब पडायचं. मी शिक्षक, मला राहवलं नाही. मी खडू मागवून अंगणातच नकाशा काढला, वरंध, बिरवाडी, महाड, आणि सिद्ध करून दाखवलं की अंतर सव्वीस आहे. नकाशा चांगला आला नाही, पण गणित बरोबर होतं. मग शकू म्हणाली, “तुमाला कुणी इचारलं व्हतं काय?” आणि चहा आणायला आत गेली. तो चहा यायला नेहमीपेक्षा बराच उशीर लागला. तिचा मुलगा दीपेश, मुंबईत कुरिअरच्या कंपनीत असतो, गणपतीला आला तो अजून गेलेला नाही, त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की अंकल, टेन्शन नका घेऊ, मी मॅपवर पण ‘महाड १७’ नावानं लोकेशन टाकलाय, लोक रिव्ह्यू पण देतात. त्यानं फोटो दाखवला. फोटोत दगड थोडा आणि दीपेश पुष्कळ होता.

तर ताई, दगड आहे. अट पुरी झाली. आता तू शब्द पाळायचास. नवरात्र बसायच्या आत ये, खंडेनवमी इथंच कर. दिव्याहून पॅसेंजरला बस, खिडकीची जागा धर, कोलाड, माणगाव, गोरेगाव रोड, आणि मग वीर. मी फलाटावर असेन. बाहेर किशोर असेल, आणि रस्ता तोच ठरवेल. मला उगाच वाकडं बोलता येत नाही म्हणून सरळ लिहितो: भाऊ गेले, आई गेली, चौकी गेली, आणि त्या अंगणातल्या डांबराचा वास ज्यांना आठवतो अशी या पृथ्वीवर आपण दोनच माणसं उरलो. मला ते कोणाशी तरी बोलायचं असतं. इथं ज्याच्याशी बोलायला जावं तो हो म्हणतो, पण त्याला काही दिसत नसतं. तुला दिसतं.

निषादला आशीर्वाद, चैत्रालीला आशीर्वाद, गुडघ्यांना सहनशक्ती.

तुझा धाकटा भाऊ,
अवधूत

ता. क. एक : येताना जाड कपडे नकोस आणू, इथं उकडतंय. गुडघ्यांचं तेल आणू नकोस, सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर आपण दोन दिवस सकाळी जाऊ. आईला त्यानं गुण आला होता (तू म्हणतेस नव्हता आला. आला होता).

ता. क. दोन : वर सगळं लिहिलं, ते खरं आहे, पण सगळं लिहिलेलं नाही. पाकीट बंद करून पुन्हा उघडलं.

त्या दिवशी माझ्या पिशवीत ऑईलपेंटचे दोन छोटे डबे होते, पांढरा आणि काळा, आणि एक ब्रश. महाडच्या दुकानातून सकाळीच घेतले होते. ते कशाला, तर दगड सापडला नसता तर मी कुठलातरी दगड रंगवून तुला दाखवणार होतो. हे मी तुला कधी सांगणार नव्हतो. तर चहा झाल्यावर गोमाजी म्हणाला, की औंदा डोळ्यांनी दिसत नाही, दसरा आला, तू मिस्त्रींचा मुलगा आहेस, तूच एक हात मारशील का. त्याचा चुना कालवून तयारच होता. मी म्हटलं, चुना कशाला, माझ्याकडे ऑईलपेंट आहे, दहा वर्षं बघायला नको. तो ब्रश धुवायला आत गेला तेवढ्यात मी कामाला लागलो. एक हात, वर दुसरा हात. नवा रंग इतका सुंदर बसत होता की मला थांबवेना. किशोर मागून दोनदा म्हणाला की सर, बेतानं, पण मी त्या दिवशी त्याचं पुष्कळ ऐकलं होतं, एवढं एक नाही ऐकलं.

ताई, चुना पातळ असतो. खालचा काळा आकडा त्यातून दिसत राहतो, आणि त्यावरून गोमाजी गिरवतो. साठ वर्षं तो असंच करत आला. ऑईलपेंटमधून काही दिसत नाही. मी मागं सरकून बघितलं तर समोर स्वच्छ, चकचकीत, पांढराशुभ्र दगड होता. मग किशोरनं घाईघाईनं रॉकेलच्या फडक्यानं पुसून बघितलं, तर माझा रंग निघाला आणि त्याबरोबर खालचे सगळे थरही निघून आले. आता नुसता काळा दगड आहे. तुझा आकडा मी पुसला. शोधायला मी गेलो, सापडला मला, आणि पुसलाही मीच.

शकू माझ्याशी बोलत नाही. वाडी म्हणते, आता दगडावर आकडाच नाही तर महाड किती लांब ते सांगायचं कसं. कोण म्हणतं सतराच घाला, कोण म्हणतं मास्तर सव्वीस म्हणाले, तर सव्वीस. काळा रंग माझ्याकडे होता, मी दगडासमोर बसलो, आणि एक आणि सात एवढे दोन आकडे मला तुझ्यासारखे काढता येईनात. गोमाजीही बसला. त्यानं दगडावर तळहात फिरवला, वरून खाली, पुन्हा खालून वर, जसं अंधारात दाराची कडी शोधावी. मी म्हटलं, गोमाजी, माझी चूक झाली. त्यानं हात दगडावरून काढला नाही. मग त्यानं विचारलं, “ताय हाय ना अजून?”

मी म्हटलं, आहे, डोंबिवलीला आहे.

“मग रडतोस काय? बोलव तिला. डबा मी धरतो.”

ता. क. तीन : तू म्हणाली होतीस, आपलं काही उरलं असेल तरच येईन. आता उरलेलं नाही, म्हणून ये.